कपाटातला बेस ठेवायचा की विकायचा : आधी सेटअप, मग निर्णय

"हा बेस मी वाजवतच नाही, काढून टाकू का?" असं आपल्या बेस गिटारबद्दल विचारणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट विचारतो : तारा कधी बदलल्या होत्या? बहुतेकांना आठवत नाही. मग तो बेस चांगला आहे की वाईट, हे त्यांना आज सांगताच येणार नाही. गंजलेल्या तारा, पावसाळ्यात वाकलेला नेक (वाद्याची लांब मान) आणि मरायला टेकलेली बॅटरी यांचा आवाज ऐकून ते निर्णय घ्यायला निघालेले असतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. पाच तारांचा एक बेस मी ऑगस्टमध्ये विकला. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) तारांची उंची, वाढली होती, सगळ्यात खालच्या सुराची बी तार बसकी वाजत होती, बोटं दुखत होती. घेणाऱ्याने तारा बदलल्या, ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा थोडा करून अर्धा फेरा फिरवला. नोव्हेंबरमध्ये त्याच्याच तालमीत मी तो बेस हातात घेतला. माझ्याकडे असताना तो इतका सुरेख कधीच वाजला नव्हता. त्याच हंगामात मला काळी एकमध्ये (सी शार्प या पट्टीत) गाणाऱ्या गायकाचे कार्यक्रम मिळाले आणि खालचा षड्ज वाजवायला माझ्याकडे वाद्यच उरलं नव्हतं.

विकणं चूक नाही. चूक आहे क्रमाची. लोक आधी जाहिरात टाकतात, मग घासाघीस करतात आणि विकल्यावर विचार करतात. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. सगळ्याला मिळून अडीच-तीन महिने लागतील आणि ते लागू द्या.

## सुरुवात कधी करायची

पाऊस सरल्यावर. दसऱ्याला वाद्यं पूजेसाठी बाहेर येतातच, तो दिवस सगळ्यात सोयीचा. जून ते सप्टेंबर मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेतला दमटपणा इतका असतो की लाकूड ओलावा धरतं आणि नेकचा बाक बदलतो. या काळात वाद्याबद्दल झालेलं मत हे अर्धं हवेबद्दलचं मत असतं. पुण्यात आणि देशावर फरक कमी जाणवतो, पण जाणवतो.

आणखी तीन वेळा निर्णय घेऊ नये : एखादा कार्यक्रम वाईट झाल्यानंतरच्या आठवड्यात, नवा बेस डोळ्यांत भरलेला असताना, आणि घरात बाळ आल्यामुळे किंवा नोकरी बदलल्यामुळे वाजवणंच थांबलेलं असताना. तिसऱ्या प्रसंगी निदान एक वर्ष जाऊ द्या. तेव्हा बंद पडलेलं असतं ते तुमचं वाजवणं, बेसचा त्यात काही दोष नसतो.

## तयारी : हाताशी काय हवं

प्रत्येक बेससाठी नव्या तारांचा एक संच. शक्य असेल तर सगळ्यांसाठी एकाच कंपनीचा आणि एकाच जाडीचा, कारण एकावर नव्या आणि दुसऱ्यावर जुन्या तारा असतील तर तुलना तारांची होते. फ्रेटलेस (फ्रेट नसलेला) किंवा फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारांचा बेस असेल तर त्याला या नियमातून वगळा. फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं चांगल्या राहतात, त्या पुसून घेतल्या तरी चालतं.

याशिवाय लागतील : ट्रस रॉडला आणि सॅडलला (बॉडीवरच्या ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) नेमक्या बसणाऱ्या ॲलन की (षटकोनी चाव्या), एक चांगला ट्यूनर, मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, एक जुनं एटीएम कार्ड, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, साधा मल्टिमीटर, सुती कापड आणि एक वही. वही विसरू नका. जे लिहिलेलं नसतं ते दोन आठवड्यांत आपल्या सोयीचं होऊन बसतं.

## टप्पा १ : सगळे बेस एका दिवशी बाहेर काढा

एकेक करून नको, सगळे एकत्र. पलंगावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकासाठी वहीचं एक पान करा. त्यात मॉडेल, सीरियल नंबर, तारा चार की पाच, स्केल लेंग्थ (तारेची वाजणारी लांबी; बहुतेकांची ३४ इंच, शॉर्ट स्केलची ३० इंच), ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा, आवाज वाढवणारा प्रीॲम्प असलेला) की पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा), वजन, कधी आणि कितीला घेतला, मूळ बिल आहे का, बदललेले भाग कोणते आणि मूळ भाग कुठे आहेत, एवढं लिहा. वजनासाठी बाथरूमचा काटा पुरतो : आधी बेस घेऊन उभे राहा, मग न घेता, आणि फरक लिहा.

शेवटी एक ओळ : "हा मी शेवटचा लोकांसमोर कधी वाजवला?" इथे घरातला सराव धरायचा नाही.

तपासा : सेकंडहँड घेतलेला बेस असेल तर तो खरंच तोच आहे का, हे आत्ताच पाहून घ्या. हेडस्टॉकवरचं (खुंट्या असतात त्या टोकावरचं) नाव, सीरियल नंबर आणि नेकच्या टाचेवरचे किंवा ती बॉडीत ज्या खाचेत बसते त्या पॉकेटमधले शिक्के एकमेकांशी जुळायला हवेत. कुणी स्वस्त नेकवर महागडं नाव चिकटवलेलं असेल, तर ते विकताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

## टप्पा २ : सगळ्यांचा सेटअप करा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून सावकाश वाचा. स्वतः करायचं नसेल तर वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या, पण सगळे बेस एकाच माणसाकडे आणि एकाच वेळी. स्वतः करणार असाल तर क्रम ठरलेला आहे : तारा, ट्यूनिंग, नेकचा बाक, ॲक्शन, इंटोनेशन (नेकभर दाबलेला सूर खरा लागणं), पिकअपची (तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकांची) उंची. हा क्रम मोडला की आधी केलेलं काम वाया जातं, कारण बाक बदलला की ॲक्शन बदलते आणि ॲक्शन बदलली की इंटोनेशन सरकतं.

तारा. जुनी तार आधी पूर्ण सैल करा, मग काढा. ताणलेली तार कापू नका. एकेक तार बदलत जा, म्हणजे नेकवरचा ताण एकदम जात नाही. सगळ्या एकदम काढल्या तरी नेक तुटत नाही, पण स्थिरावायला वेळ घेतो. नवी तार लांब असेल तर जिथे कापायची तिथे आधी पक्कडीने काटकोनात वाकवा आणि वाकलेल्या भागाच्या पुढे कापा. तशीच कापली तर काही तारांचं वरचं वेटोळं सुटतं आणि तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे वरून खाली यायला हवेत.

ट्यून करा आणि बेस रात्रभर तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्यून करा. पुढचं काम त्यानंतर.

नेकचा बाक. ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. सुमारे ०.३ मिमी असावी. व्हिजिटिंग कार्ड हलकेच घासून जायला हवं. एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. ते सहज जात असेल तर बाक नक्कीच जास्त आहे. काहीच जात नसेल आणि तार फ्रेटला टेकलेली असेल, तर नेक सरळसोट किंवा मागे वाकलेला आहे.

बाक जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट करायचा, म्हणजे रॉडच्या नटकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घट्ट करण्याआधी तारा थोड्या सैल करा. फिरवल्यावर पुन्हा ट्यून करा, काही तास थांबा आणि परत मोजा.

थांबा : ट्रस रॉडचा नट फिरत नसेल, कुरकुरत असेल किंवा की सटकत असेल तर जोर लावू नका. तिथेच सोडून कारागिराकडे न्या. ट्रस रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च अनेकदा साध्या बेसच्या किमतीपर्यंत जातो.

ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटपर्यंत मोजा. ई तारेला साधारण २.५ मिमी आणि जी तारेला २ मिमी ही चांगली सुरुवात आहे. जोरात वाजवणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी. सगळ्या बेसची ॲक्शन शक्य तितकी सारखी ठेवा, नाहीतर पुढच्या टप्प्यात तुमची बोटं सोप्या ॲक्शनला मत देतील आणि आपल्याला आवाज आवडला असं तुम्हाला वाटेल.

इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरता असेल तर पुढे आणा.

पिकअप. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून बघा. पिकअप तारेला फार चिकटले असतील तर लोहचुंबक तार ओढतो आणि सूर डळमळतो. पुष्कळांना हा दोष नेकचा वाटतो.

कोरड्या रोझवूडच्या फिंगरबोर्डला तेलाचा अगदी हलका हात चालेल. मेपलच्या पॉलिश केलेल्या बोर्डला तेल लावू नका, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करा.

## टप्पा ३ : वायरिंग ऐका आणि मोजा

प्रत्येक नॉब दहा-पंधरा वेळा पुढे-मागे फिरवा. खरखर आली तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने ती जाते. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅक सैल आहे. नट घट्ट करताना आतला जॅक फिरू देऊ नका, नाहीतर आतल्या वायरी पिळून तुटतात.

ॲक्टिव्ह बेसची बॅटरी आधी काढून बघा. गळलेली असेल तर खोक्यातले संपर्क साफ करा, नवी घाला आणि मगच मत बनवा. मरत आलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो, बारीक होतो, आणि "या बेसमध्ये दमच नाही" असं म्हणून लोक तो विकून टाकतात.

पॅसिव्ह बेसला केबल लावून मल्टिमीटर २० किलोओहमच्या पट्टीवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या बाजूच्या पिनचं टोक आणि दांडा यांच्यात मोजा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून. प्रिसिजन पद्धतीच्या (दोन तुकड्यांत विभागलेल्या एका) पिकअपचा आकडा साधारण दहा किलोओहमच्या आसपास येतो. जॅझ पद्धतीचे (दोन वेगळे) पिकअप एकेक करून (दुसऱ्याचा व्हॉल्यूम बंद ठेवून) मोजले तर सात-आठच्या आसपास. आकडा शून्य आला किंवा पट्टीबाहेर गेला तर वायर किंवा पिकअप गेलेलं आहे. ॲक्टिव्ह बेसमध्ये प्रीॲम्प मध्ये असल्यामुळे जॅकवरून ही मोजणी लागू पडत नाही.

जे जे सापडलं ते त्या बेसच्या पानावर लिहा. किरकोळ दुरुस्ती आत्ताच करून घ्या. मोठी असेल तर फक्त खर्च विचारून ठेवा.

## टप्पा ४ : एका पंधरवड्यात एकच बेस

बाकीचे बॅगेत, बॅगा कपाटात. पंधरा दिवस सराव, तालीम, कार्यक्रम, सगळं त्या एकाच बेसवर. पहिले तीन दिवस काहीही लिहू नका, कारण सवयीच्या बेसवरून उतरल्यावर प्रत्येक नवा नेक परका वाटतो. चौथ्या दिवसापासून रोज दोन ओळी : काय सोपं गेलं, काय अडलं. खांदा किती वेळाने दुखायला लागला तेही लिहा. तीन तासांच्या कार्यक्रमात पाऊण किलोचा फरक खूप असतो, आणि चाळिशीनंतर तो निर्णयाचं मुख्य कारण असला तरी त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक पंधरवड्याच्या शेवटी रेकॉर्डिंग करा. एकच बेसलाइन, एकच गती, ॲम्पशिवाय थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खोक्यात), टोनचे नॉब पूर्ण उघडे, ॲक्टिव्ह असेल तर ईक्यूचे (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारे) नॉब मध्यावर. फोनच्या माइकवर करू नका. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा आणि बी तारेचा सुमारे ३१ हर्ट्झचा असतो, आणि फोनचा माइक तिथवर नीट पोहोचत नाही. सगळी रेकॉर्डिंग झाली की घरातल्या कुणाकडून तरी फाइलींना १, २, ३ अशी नावं देऊन क्रम बदलून घ्या. आवाजाची पातळी सारखी करा, कारण जो जोरात तो कानाला चांगला वाटतो. मग हेडफोन लावून ऐका आणि आवडीचा क्रम लिहा. कोणता आवाज कुठल्या बेसचा, हे त्यानंतर विचारा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ज्याला मी वर्षभर "मातीचा आवाज" म्हणत होतो, तोच बेस पहिल्या क्रमांकावर आला. मातीचा आवाज जुन्या तारांचा होता.

## टप्पा ५ : कुठलं काम कोण करतो

आवड बाजूला ठेवा आणि तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारी कामं लिहा : ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, चर्चमधली प्रार्थना, लग्नातला बँड, स्टुडिओ, शिकवणी. प्रत्येक कामासमोर कोणता बेस लागतो ते लिहा.

इथे स्केलचा, म्हणजे गाण्याच्या पट्टीचा, विचार करायलाच हवा आणि तो फार कमी जण करतात. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा खालचा षड्ज त्या बेसवर नाही. तो तुम्ही ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणजे एक सप्तक वर घेता. पांढरी दोन आणि काळी दोन यांचंही तेच. पाच तारांच्या बेसवर हे तिन्ही षड्ज बी तारेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर मिळतात. पुरुष गायकांबरोबर, विशेषतः ऑर्केस्ट्रात वाजवत असाल, तर गेल्या दहा कार्यक्रमांच्या यादीतली स्केल मोजा. निम्मी गाणी या पट्ट्यांत निघाली तर पाच तारांचा बेस कपाटात का राहिला, हा प्रश्न आधी सोडवा. बहुधा उत्तर त्याच्या सेटअपमध्ये किंवा बी तारेच्या जाडीत सापडतं. उलट तुमचं बरंचसं काम काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकांबरोबर असेल, तर तिथले षड्ज चार तारांवर खालीच मिळतात आणि पाचवी तार नुसती वजन वाढवते.

फ्रेटलेसचा हिशेब वेगळा. तो वर्षातून चार वेळा लागतो, पण गझल आणि भावगीतात त्याची मींड दुसऱ्या कशावर येत नाही. "कमी वाजवतो" हे त्याला विकायचं कारण होऊ शकत नाही. "बेसूर वाजवतो आणि सराव करणार नाही" हे होऊ शकतं.

राखीव बेस हेही काम आहे. बेसची तार क्वचित तुटते, पण जॅक आणि प्रीॲम्प भर कार्यक्रमात जातात. राखीव बेस तेवढ्याच तारांचा, साधा, शक्यतो पॅसिव्ह असावा. माझं ठाम मत आहे की प्रत्येक बेसवादकाने बॅटरी न लागणारा, एक-दोन नॉबचा बेस कधीच विकू नये, मग तो कितीही स्वस्तातला असो.

तपासा : दोन बेस एकाच कामासमोर लिहिले गेले आणि त्यातला एक दुसऱ्या कुठल्याच कामासमोर नाही? विक्रीचा पहिला उमेदवार तोच.

## टप्पा ६ : तीन आकडे

प्रत्येक उमेदवाराचे तीन आकडे काढा : आज विकला तर हातात खरोखर किती येतील, हाच बेस पुन्हा घ्यायचा झाला तर किती लागतील, आणि तो ठेवायला वर्षाला किती खर्च आहे.

पहिल्या आकड्यात लोक सर्वात जास्त फसतात. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नव्हे. तीन-तीन महिने पडून असलेल्या जाहिराती बघून आपली किंमत ठरवू नका. नेहमीच्या कारखान्यातला, नीट ठेवलेला बेस आजच्या नव्या किमतीच्या निम्म्यापासून साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत जातो असा माझा अनुभव आहे. नवा कितीला घेतला होता हे खरेदीदाराला नको असतं, आज दुकानात कितीला मिळतो हे हवं असतं. दुकानाला दिलात तर त्याहून कमी मिळतील, कारण त्यांना पुढे विकायचा असतो. ते गैर नाही, त्यांनी तुमचा वेळ आणि जोखीम घेतलेली असते.

नवे पिकअप, नवा ब्रिज यांचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. मूळ भाग जपले असतील तर ते परत बसवा आणि चांगले भाग वेगळे विका.

समजा बेस १८,००० ला जाईल आणि तसाच पुन्हा घ्यायला ३२,००० लागतील. म्हणजे चुकीच्या विक्रीची किंमत १४,००० रुपये. वर्षातून दोनदाच लागणार असेल आणि मित्राकडून किंवा भाड्याने मिळत असेल, तर विकणं शहाणपणाचं. मॉडेल बंद झालेलं असेल तर दुसरा आकडा काढताच येत नाही, आणि तिथे मी विक्री सहा महिने पुढे ढकलतो.

## टप्पा ७ : निर्णय लिहा आणि आठवडा थांबा

प्रत्येक पानावर एकच शब्द : ठेवणे, विकणे, किंवा देणे. "बघू" हा शब्द चालणार नाही.

"देणे" म्हणजे शिकणाऱ्या मुलाला सहा महिन्यांसाठी वापरायला. परतीची तारीख आणि बेसची अवस्था फोटोंसह मेसेजवर लिहून द्या. नात्यातल्या माणसालासुद्धा. सहा महिन्यांत त्या बेसची एकदाही आठवण आली नाही तर उत्तर मिळालं.

वडिलांनी घेऊन दिलेला पहिला बेस, गेलेल्या मित्राचा बेस : हे या हिशेबात आणू नका. त्याच्या पानावर "आठवण" असं लिहा आणि ठेवा. मात्र असं पान एकच असू द्या, फार तर दोन. आणि बेस भावाबरोबर किंवा बँडच्या पैशांतून घेतलेला असेल, तर जाहिरातीआधी त्यांना विचारा. या एका गोष्टीवरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

आठ दिवसांनी वही उघडा. मत तेच असेल तर पुढे जा.

## टप्पा ८ : विक्री

फोटो. सकाळच्या उजेडात, साध्या चादरीवर, फ्लॅशशिवाय. पूर्ण पुढून, पूर्ण मागून, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, सीरियल नंबर, नेकचा जोड, ब्रिज, फ्रेटची झीज जवळून, आणि प्रत्येक ओरखडा व पोचा वेगळा. दोष दाखवणाऱ्या जाहिरातीवर फोन कमी येतात, पण आलेला माणूस दारात उभा राहून पाच हजार कापत नाही.

मजकूर. तारांची जाडी, शेवटचा सेटअप कधी, वजन, काय बदललं आहे, बॅग की हार्ड केस, बिल आहे का. किंमत आकड्यात लिहा.

भेट. दिवसा, ॲम्प असेल अशा ठिकाणी, शक्य तर ओळखीच्या तालमीच्या खोलीत. सोबत कुणीतरी असू द्या. त्याला निवांत वाजवू द्या. स्वतः वाजवून दाखवत बसू नका.

पैशांची खबरदारी : यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. समोरचा "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणाला की संवाद तिथेच संपवा. बेस न बघता पूर्ण किंमत द्यायला तयार झालेला, आपण बदलीवर आहोत आणि गाडी पाठवतो असं सांगणारा, हाही जुना सापळा आहे. स्क्रीनशॉटवर किंवा एसएमएसवर विसंबू नका. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसल्यावरच बॅग हातात द्या.

पार्सल. ३४ इंची स्केलचा बेस एकूण सुमारे ४६ इंच लांब असतो, तेवढा खोका आधी मिळवा. तारा एखाददुसरा फेरा सैल करा, पूर्ण नाही. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये मऊ कापड सरकवा, बॅटरी काढा, पट्ट्याची बटणं काढून पिशवीत ठेवा. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी भक्कम आधार हवा, बहुतेक नुकसान तिथेच होतं. पॅकिंगचा न थांबवता व्हिडिओ घ्या आणि विमा उतरवा.

परदेशात पाठवणार असाल तर लाकूड पाहा. २०१९ अखेरपासून रोझवूडच्या तयार वाद्यांना साइट्स या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) करारातल्या परवान्यातून मोठी सूट मिळाली आहे, पण ब्राझिलियन रोझवूड त्यात येत नाही. साठच्या दशकातल्या जुन्या वाद्यांवर ते सापडतं, तेव्हा आधी चौकशी करा.

## टप्पा ९ : जे राहिले त्यांचा पावसाळा

मे संपायच्या आत बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बॅग बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि गॅलरीत ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून तारा पुसा, दहा मिनिटं वाजवा, बॅग उघडी ठेवून वाळू द्या. तारा ट्यून केलेल्याच ठेवा, महिनोन्‌महिने सैल ठेवल्या तर नेक मागे जातो. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा बेस रबराच्या स्टँडवर उभा ठेवू नका, डाग पडतो.

ॲक्टिव्ह बेसची केबल रोज काढा, कारण जॅकमध्ये केबल असली की प्रीॲम्प चालूच राहतो. महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरीच काढून ठेवा आणि ती काढली आहे अशी चिठ्ठी बॅगेच्या हँडलला बांधा.